चार लिंबं आणि न विझणारा दिवा

सौंसर,
पोळ्याला चार दिवस बाकी

प्रिय मोतीराम,

सप्रेम नमस्कार. तुझ्या बागेतली फळगळ थांबली असेल, पावसाळी हवेत गुडघा फार कुरकुरत नसेल, वहिनींचा खोकला गेला असेल आणि कानाचं यंत्र तू अजूनही कपाटातच ठेवलेलं असशील, असं धरून चालतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की खोडून टाक.)

मोहगाव ते काय लांब, आणि या काळात दादाजीने पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. कारण सोपं आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल अशा आवाजात मी बोललो तर ते आधी सुशीलेला ऐकू जाईल, मग तृप्तीला, मग आमच्या पूर्ण गल्लीला. तुझ्या मोबाईलवर काही लिहून पाठवावं तर तो दिवसभर तुझ्या नातवाच्या हाती असतो, आणि त्या पोराला मी सहावीत विज्ञान शिकवलं आहे. माझी अब्रू त्याच्यासमोर तरी शाबूत राहावी अशी इच्छा आहे. म्हणून हे पत्र मोहगावच्या बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. वाचून झाल्यावर चुलीत घाल. (गॅस असेल तर फाडून टाक, गॅसवर कागद जाळू नये.)

आता मूळ गोष्ट. आमचा जावई वैभव तुला ठाऊकच आहे, पांढुर्ण्याला सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर असतो. घर जाम नदीच्या काठाला, सावरगावच्या अगदी समोर. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची गोटमार सुरू झाली की नेम चुकलेले गोटे ज्या अंगणांत येऊन पडतात त्यातलं पहिलं अंगण यांचं. मागच्या साली सतरा गोटे निघाले. (व्याही रघुनाथराव यांनी मोजले. ते सगळंच मोजतात.) शेजाऱ्याच्या गाडीची काच गेली. म्हणून त्या गल्लीत रीतच पडली आहे की पोळा जवळ आला की चारचाकी गाड्या सोयऱ्यांकडे पाहुणचाराला पाठवायच्या. माणसं तिथेच राहतात, गाड्या गावाला जातात. यंदा वैभवने नवी गाडी घेतली, आणि यंदाच तृप्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. राखीच्या दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला, तिला घरात सोडलं, गाडी अंगणात सोडली आणि स्वतः बसने परत गेला. एका दगडात दोन पक्षी असं म्हणणार होतो, पण गोटमारीच्या दिवसांत दगडाची म्हण नको.

गाडी नुसती लपायला आलेली नाही, हे नीट ध्यानात घे, कारण माझी झोप त्यामुळेच उडाली आहे. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तृप्तीला दिलेली तारीख नेमकी गोटमारीची आहे. तिचा रक्तदाब थोडा वर राहतो, म्हणून बाईंनी बजावलं आहे की कळा सुरू झाल्या की सौंसरला वाट पाहत बसू नका, सरळ नागपूर गाठा. त्या दिवशी वैभवची ड्यूटी गोटमारीच्या उपचार केंद्रावर, त्याला रजा मिळणं शक्य नाही. रुग्णवाहिका बहुतेक तिकडे गेलेल्या, भाड्याच्या गाड्यांचे ड्रायव्हर पोळ्याला आपापल्या गावी गेलेले. म्हणजे त्या दिवशी माझ्या लेकीला नागपूरला नेईल अशी एकच गाडी आहे, ती आमच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी आहे, आणि तिच्यात एक पिवळा दिवा लागलेला आहे जो गेल्या दहा दिवसांत विझलेला नाही.

जाताना वैभवने चावी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "मामाजी, तुमाले गाडी येते न?" मी म्हणालो, "एकोणतीस वर्षांपासून लायसन हाय माझ्यापाशी." प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं. त्याचं समाधान झालं. मग त्याने दोन सूचना दिल्या: रोज सकाळी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवायची, आणि दोन दिवसांआड मोहगावपर्यंत फिरवून आणायची. एवढं सांगून तो बस गाठायला पळाला. तो इतक्या घाईने गेला की सुशीला लिंबं घेऊन बाहेर येईपर्यंत कोपऱ्यावरून वळलासुद्धा होता. आपल्याकडे नवी गाडी पहिल्यांदा दारी आली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात, ते तुला माहीत आहे. सुशीलेने चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाली की आता गाडी एक वीतभर पुढे घ्या. मी म्हणालो, आज दिवस बरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं नाव घेऊन आत बसलो आणि चावी फिरवली. समोर एकदम इतके दिवे लागले की मला वाटलं मी काहीतरी मोडलं. मग एकेक करत सगळे विझले आणि एक राहिला. पिवळा. आकृती म्हणशील तर बुडाशी दातेरी असलेल्या लोट्यासारखी, वरून उघडी, आणि मधोमध उद्गारचिन्ह. मला त्या उद्गारचिन्हाचा फार राग आहे. ज्याने कोणी हा दिवा काढला त्याला काही सांगायचं होतं तर नीट सांगावं, पूर्णविराम द्यावा, माणूस शांतपणे वाचतो. उद्गारचिन्ह पाहिलं की माणसाला आधी आपलीच चूक आठवते. मी गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. दिवा होता. खाली उतरून दार नीट लावलं, पुन्हा उघडलं, सीटवरचं प्लास्टिक सारखं केलं (ते अजून काढलेलं नाही, व्याह्यांचा हुकूम आहे). दिवा होताच. तेवढ्यात तृप्ती खिडकीतून म्हणाली, "बाबा, हवा कमी झाली असन." पोरीला दाबाचा त्रास, तिला काळजी नको, म्हणून मी हसून म्हणालो, मला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

हवा कमी आहे म्हणजे हवा भरायची, हे तर पहिलीतल्या पोरालाही कळतं. स्कूटरसाठी घेतलेला पायपंप माळ्यावरून काढला. आता भरायची किती? मोतीराम, मी एकतीस वर्षं शाळेत वायुदाब शिकवला. (शिकवला हिंदीत, समजावला मराठीत, मारलं दोन्हीत.) मी अंदाजाने काम करणारा माणूस नाही. टायरजवळ उकिडवा बसलो, चष्मा पुसला आणि टायरच्या कडेवर बारीक अक्षरात कोरलेला आकडा शोधून काढला: एक्कावन्न. बस, एक्कावन्न तर एक्कावन्न. पंप मारायला लागलो. पंपाचा काटा तीसच्या पुढे गेला तसे पाय भरून आले, पस्तीसच्या पुढे कमर बोलायला लागली, चाळीसला सुशीला पाणी घेऊन आली आणि म्हणाली की टायर आता पोळ्याच्या बैलासारखं फुगून राहिलं आहे, पुरे करा. चारी टायरांना असंच चाळीस-बेचाळीसपर्यंत नेलं. त्यात तीन दिवस गेले. दर टायर झालं की आत बसून चावी फिरवून पाहायचो. दिवा तसाच. उद्गारचिन्हासकट.

चौथ्या दिवशी श्रावण आला. श्रावण म्हणजे बस स्टँडजवळचा पंक्चरवाला, चाळिशीचा भला माणूस, आधी कुठल्याशा कंपनीच्या मोठ्या गाड्या चालवायचा. मी त्याला बोलावलं नव्हतं. आपणहून मोपेड घेऊन आला आणि विचारतो, "गुरुजी, काही काम?" मला वाटलं, लांबून माझा पंप मारणं पाहून त्याला दया आली. त्याने टायरला मीटर लावलं आणि आकडा पाहिला. मग त्याने ड्रायव्हरचं दार उघडून आतल्या खांबाला चिकटवलेला एक कागद दाखवला. त्यावर लिहिलेलं होतं: तेहतीस. मी म्हणालो, मग टायरवर एक्कावन्न का लिहिलं? तो म्हणाला, "ते टायर किती सहन करते त्याचा आकडा हाय, गुरुजी. गाडीले किती लागते ते दारावर असते." मला शाळेतली आमची बाकं आठवली. एका बाकावर सहा पोरं मावतात म्हणून सहा बसवायची नसतात, हे मी स्वतः हेडमास्तरांना लिहून दिलेलं आहे.

म्हणून मग हवा काढायला लागलो. श्रावण म्हणाला होता की उद्या सकाळी येऊन मी बरोबर करतो. पण मला धीर कुठला. दुपारी तो गेल्यावर त्याचं ठेवलेलं मीटर घेऊन मीच बसलो. नेमकं त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, ऊन असं की पेरूच्या सावलीतही टायर हाताला गरम लागावं. त्या उन्हात चारी टायर मोजून-मोजून बरोबर तेहतीसवर आणले आणि समाधानाने चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस, गारठा. मीटर लावलं तर तीस. मी तिथेच चिखलात बसलो. गरम झालं की दाब वाढतो, गार झालं की उतरतो, हे मी दरवर्षी आठवीच्या फळ्यावर लिहीत आलो आणि परीक्षेत पाच मार्कांना विचारत आलो. त्या प्रश्नात नापास केलेली सगळी पोरं मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसली. श्रावण आला, तीसचे तेहतीस केले आणि म्हणाला की टायर मोजायचं ते गाडी रात्रभर उभी असल्यावर, गारच. मी म्हणालो, माहीत आहे. हे मात्र खरंच माहीत होतं.

यानंतर श्रावण रोज सकाळी यायला लागला. येतो, चारी टायरांना मीटर लावतो, "तेहतीस" म्हणतो, ओसरीवर बसून चहा पितो, जाता जाता तृप्तीला "ताई, तब्येत बरी?" विचारतो. काम काही नाही. मला त्याचंही टेन्शन. इतका चांगुलपणा कोणी विनाकारण करत नाही, बहुतेक गाडीत काहीतरी मोठा बिघाड आहे आणि तो मला सांगायला कचरतो आहे असं वाटायचं. कारण टायरांत हवा बरोबर तेहतीस आणि दिवा तसाच. अशात तालुक्याच्या दवाखान्यातली नर्सताई दर दोन दिवसांनी येऊन तृप्तीचा दाब पाहते. म्हणजे सकाळी आमच्या घरी दोन दाब मोजतात, एक आत, एक अंगणात. आतला वाढला तर माझा जीव जातो, अंगणातला उतरला तर माझा जीव जातो. परवा नर्सताईने आतून आकडा सांगितला तेव्हा मी अंगणातून "दारावर किती लिहिलं आहे?" असं विचारलं. तृप्ती हसली, बाई हसल्या. मी हसलो नाही. मोतीराम, खरं सांगू, मला भीती वाटते. एकुलती पोर आहे.

शेवटी गाडीच्या खणातली पुस्तिका काढली आणि तीन दिवसांत पूर्ण वाचली. (विषयसूची धरून. छपाईच्या सात चुका निघाल्या.) त्यात लिहिलं आहे ते तुला माझ्या भाषेत सांगतो. प्रत्येक चाकात, हवा भरायच्या नळीच्या आतल्या टोकाला एक चिमुकलं यंत्र बसवलेलं असतं. ते आतला दाब मोजतं आणि बिनतारी संदेशाने पुढच्या काट्यांच्या डब्याला कळवतं. पण त्याची बॅटरी बारीक, म्हणून चाक थांबलं की ते झोपतं. चाक फिरायला लागलं, गाडीने जरा वेग धरला, की जागं होतं आणि पुन्हा बातमी पाठवायला लागतं. म्हणजे उभ्या गाडीत तुम्ही तेहतीस भरा नाहीतर तीनशे तीस भरा, त्याला पत्ता नाही. त्याने झोपण्याआधी जी बातमी दिली होती, तीच दिवा धरून बसलेला आहे. आणि मग सत्त्याऐंशीव्या पानावर, चौकटीत: हवा भरल्यावर दिवा लगेच विझला नाही तर घाबरू नका, गाडी दहा-पंधरा मिनिटं बऱ्या वेगाने चालवा, दिवा आपोआप विझेल.

घाबरू नका, असं लिहिलं आहे. इथे तू खाटेवर आडवा होऊन हसत असशील, मला दिसतं आहे. कारण जगात तू एकटाच माणूस आहेस ज्याला माहीत आहे की मला गाडी येत नाही. शहाण्णव साली तुझ्याच जीपवर शिकलो, परीक्षा पास झालो, लायसन हाती आलं, आणि तिसऱ्याच दिवशी तुझ्या बागेत ब्रेकऐवजी भलत्याच ठिकाणी पाय देऊन मी ती जीप संत्र्याच्या एकशे साठ पेट्यांत आणि पेट्यांसकट गोठ्याच्या भिंतीत घातली. तू त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाहीस. आठ दिवस संत्र्याचा रस पाजलास आणि कोणाला सांगितलं नाहीस. सुशीलेलासुद्धा आजतागायत वाटतं की चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे मी गाडी सोडली. तेव्हापासून स्टेअरिंगला हात लावला नाही. लायसनचं नूतनीकरण मात्र वेळच्या वेळी केलं. म्हणजे आता पेच असा आहे: मी गाडी चालवल्याशिवाय दिवा विझणार नाही, आणि दिवा आहे तोवरच मला "बिघाड हाय, चालवाले नको" म्हणता येतं. तो विझला तर गोटमारीच्या दिवशी मला खरंच पोरीला घेऊन नागपूरच्या रस्त्याला लागावं लागेल.

त्यात मी एक मूर्खपणा करून ठेवला आहे. वैभव रोज संध्याकाळी फोन करतो. आधी तृप्तीची चौकशी, मग माझी, आणि मग फार हळू आवाजात, "गाडी बरी हाय न, मामाजी?" तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं की अगदी फर्स्टक्लास, सकाळीच मोहगावपर्यंत फेरी मारून आलो. त्यावर तो "बरं झालं" म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून दोन दिवसांआड मी मोहगावला जातो आहे. परवाच्या फेरीत रस्त्यात म्हशींची खरेदी करून येणारी मोहगावची माणसं भेटली, असंही मी सांगितलं. ती मला का सुचली कोण जाणे. दिव्याचं मात्र एक अक्षर बोललो नाही. माझ्या हातून लागला असेल तर? जावयाची नवी गाडी, पहिल्याच सकाळी, सासऱ्याच्या हातून. आणि सुशीला फोनवरचं सगळं ऐकते. काल अंगण झाडताना म्हणाली, "तुमी मोहगावले जाऊन राहिले न रोज? मंग हे लिंबू कसं साबूत हाय?" मी पाहिलं तर चारी लिंबं चाकांपुढे तशीच, सुकून सुपारीएवढी झालेली. मी म्हणालो, उलटं गेलो. तिने पुढे काही विचारलं नाही, आणि सुशीला पुढे विचारत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. त्याला म्हणावं, गार हवेचा दाब उतरतो हे पाठ कर, पुढे आयुष्यात कामी पडतं. पोळ्याच्या आधी तुझं उत्तर मिळावं.

तुझा बालमित्र,
दादाजी

ता. क. वैभवचा तुला फोन आला तर मी दोन दिवसांआड सकाळी तुझ्याकडे येऊन चहा पिऊन जातो एवढंच सांग. म्हशींबद्दल विचारलं तर म्हशी होत्या म्हण. ऐकू आलं नाही तर सगळ्याला हो म्हण.

दुसरा ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचंच राहिलं. पोळ्याच्या संध्याकाळी लायसन खिशात घालून इकडे ये आणि दोन दिवस राहा. पुरणपोळी खायला बोलावलं असं मी घरी सांगीन. आल्या आल्या गाडी बाहेर काढून पंधरा मिनिटं फिरवून आण, म्हणजे दिवा विझेल, आणि दुसऱ्या दिवशी तृप्तीला कळा आल्या तर नागपूरपर्यंत तूच चालव. मी मागे तिच्याजवळ बसेन. तुझं वय झालं आहे, कान गेले आहेत, रस्ता पावसाळी आहे, हे सगळं मला दिसतं. पण तुझा पाय ब्रेकवर बरोबर पडतो. मोतीराम, हे तेवढं कर.

तिसरा ता. क. (दुसऱ्या दिवशी दुपारी. कंडक्टर काल भेटला नाही, पत्र खिशातच राहिलं. वरचं सगळं आता बदललं आहे, पण इतकं पुन्हा लिहायचं माझ्यात त्राण नाही.)

आज सकाळी दहाला वैभव मोटरसायकलवर येऊन दारात उभा. मी टायरपाशी उकिडवा, श्रावणचं मीटर हातात. मी उठायच्या आत त्याने वाकून नमस्कार केला आणि तिथेच माझ्यासमोर उकिडवा बसला. खिशातून फोन काढला. मोतीराम, ही गाडी फोनवर चुगली करते. कुठे उभी आहे, किती किलोमीटर चालली, कोणता दिवा लागला आहे, सगळं त्या पोराला पांढुर्ण्यात बसून दिसतं. मी रोज सकाळी चावी फिरवली की औषधाच्या खिडकीवर त्याच्या खिशात फोन वाजायचा. आणि किलोमीटरचा आकडा राखीच्या दुसऱ्या दिवशी होता तोच. एक मीटर पुढे नाही. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही. तो माझ्यापेक्षा जास्त अवघडलेला. म्हणाला, "मामाजी, हा दिवा तं मी येऊन राहिलो होतो तवाच लागला होता. बसच्या घाईत सांगाचं राहून गेलं. मंग वाटलं, मामाजी मोहगावले जातीन तवा हवा भरून घेतीन. आन् मंग तुमी जाऊनच आले म्हणाले. आता फोन दुसरं सांगून राहिला, हे मी तुमाले कसं म्हणू?"

म्हणजे दिवा माझ्या हातून लागलाच नव्हता. दहा दिवस आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत बसलो आणि तो दिवा मध्ये जळत राहिला. पुढचं ऐक. मी पहिल्यांदा मोहगावची थाप मारली त्याच संध्याकाळी वैभवने श्रावणला फोन केला होता, की रोज घरी एक चक्कर मारा, आणि पोळ्यापासून आमच्या ओसरीवरच मुक्कामाला राहा, वेळ आली तर नागपूरला गाडी तुम्ही न्यायची. तृप्तीला हे माहीत. सुशीलेला माहीत. नर्सताईलासुद्धा. एक मीच होतो ज्याला वाटत होतं की मी गुपित ठेवलं आहे.

मग वैभवने गाडी काढली. मी शेजारी बसलो. चारी लिंबं चाकांखाली गेली, सुशीलेने ओट्यावरून हात जोडले. बोरगावच्या रस्त्याला त्याने वेग धरला. मी त्या दिव्यावर डोळे लावून बसलो होतो आणि तरीही तो विझला तो क्षण मला दिसला नाही, कारण नेमकं तेव्हाच मी पोराला शहाण्णव सालची गोष्ट सांगत होतो. गोष्टीत पेट्यांपर्यंत आलो आणि पाहतो तर दिव्याच्या जागी काळोख. वैभव हसला नाही. त्याने एवढंच विचारलं की तुम्हाला लागलं तर नव्हतं ना.

परत आल्यावर निघताना त्याने चावी पुन्हा माझ्याच हातावर ठेवली. मी म्हणालो, श्रावणला द्या. तो म्हणाला, "गाडी श्रावणभाऊ चालवतीन. चावी तुमच्यापाशी राहू द्या." शाळेतून निरोप दिला तेव्हा शाल-श्रीफळ घेताना माझे डोळे ओले झाले नव्हते. आज झाले. (सुशीला म्हणते तेव्हाही झाले होते. ती दुसऱ्याच कोणाची गोष्ट करते आहे.)

म्हणून आता पोळ्याला येऊ नकोस. म्हणजे पुरणपोळी खायला ये, लायसन घरी ठेव. माझं काम त्याच्या पुढचं आहे. बाळ-बाळंतीण तीन महिन्यांनी पांढुर्ण्याला जातील, त्यांना पोचवायला आपल्या रीतीप्रमाणे माहेरचं माणूस जातं. ते मी जाणार, आणि मागच्या सीटवर बसून नाही. तोवर आठवड्यातून दोनदा मी बसने मोहगावला येईन, खरा येईन, चहाही खराच पिईन. मला तुझ्या जीपवर पुन्हा शिकव. तीच जीप हवी, कारण तिच्यातून कोणाच्या फोनवर बातमी जात नाही. तेव्हा तुझ्या संत्र्यांचा आंबिया बहार तोडणीला आलेला असेल. पेट्या भिंतीच्या पलीकडे रच.